आबासोंनी फोडलेल्या चकत्या

माझे सासरे आबासो माझ्याशी बोलत नसत. मुके नव्हते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा ओतकामाचा कारखाना होता आणि भट्टी पेटलेली असली की त्यांची शिवी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. फक्त माझ्याशी बोलत नसत. आम्ही समोरासमोर बसलेले असू, मध्ये चहाची बशी, तरी ते मान वळवून खोलीतल्या तिसऱ्या माणसाला म्हणायचे, "पावण्यास्नी इचारा, च्या घेनार काय." तिसरं माणूस नसलं तर येईपर्यंत गप्प बसायचे. एकदा माझ्या खांद्यावर पाल पडली. त्यांनी ती पाहिली, पण घरात कोणी नव्हतं. दूधवाला दारात आला तेव्हा कुठे ते त्याला म्हणाले, "पावण्यास्नी सांग, खांद्यावर पाल हाय."

मला हा माणूस आवडत नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण आबासोंबद्दल चांगलं बोललो तर ते स्वतःच वरून कोणाला तरी सांगतील की पावण्यास्नी म्हणावं, खोटं कशाला बोलतोस. तेव्हा जसे होते तसे सांगतो. बुटके, रुंद, खाकी शर्ट आणि पांढरं धोतर. धोतराला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. उजव्या हाताचा अंगठा चपटा, कारण तरुणपणी त्यावर साचा पडला होता. मूळचे मुरगूडचे. ऑइल इंजिनांची मोठमोठी चाकं ओतून त्यांनी मंगळवार पेठेत घर बांधलं आणि त्या घरात एकुलती एक मुलगी वाढवली. ती नंदा, माझी बायको.

त्यांचा राग असा होता की लग्न जमवताना आम्ही त्यांना फसवलं. मी विम्याच्या कचेरीत कारकून, गारगोटीचा, सरळमार्गी दिसणारा मुलगा. बोलणी माझ्या चुलत्यांनी केली. पगार विचारला तो सांगितला, शेती विचारली ती सांगितली. मुलगा शर्यतीत मोटार पळवतो काय, असं कोणी विचारलंच नाही. हळदीच्या दिवशी मात्र माझ्या एका मित्राने कौतुकाने ते सांगून टाकलं. लग्न मोडायची वेळ निघून गेली होती. आबासोंनी अक्षता टाकल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

गाडी म्हणजे दोन माणसांची, बिनछपराची, बुटकी विलायती गाडी. कुठल्याशा जहागीरदाराच्या गोठ्यात कोंबड्या अंडी घालत होत्या तिच्यात. मी आणि माझा मेकॅनिक मित्र रफिक, आम्ही ती भंगाराच्या भावात उचलली आणि त्याच्या गॅरेजात उभी केली. उन्हाळ्यात हौशी लोक गावाबाहेरच्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यती भरवायचे. सरळ पट्टी, टोकाला डांबराचं पिंप, पिंपाला वळसा घालून परत. पुन्हा जा, पुन्हा या. ह्या शर्यतीत इंजिन फारसं कामाचं नसतं. पिंपापाशी गाडी थांबली पाहिजे, नाहीतर पुढे नांगरलेलं रान.

आबासोंना हे सगळं ऐकून माहीत होतं. ते सासूबाईंना, म्हणजे मामींना, माझ्यासमोर म्हणायचे, "पावण्यास्नी इचार, दुसऱ्याच्या मरनाचं हप्तं गोळा करताय, आनि सवताचं मरान फुकटात घ्यायला निगालाय व्हय?" मीही काही कमी नव्हतो. मी मामींनाच म्हणायचो, "मामांना सांगा, माझाही विमा उतरवलाय." मग ते उठून जायचे, आणि नंदा मला घरी येईपर्यंत झाडायची.

लोखंडाच्या बाबतीत मात्र त्या माणसाची एक पद्धत होती. ओतलेली वस्तू थंड झाली की ते ती दोरीला टांगायचे, हातोडीने एक टोला द्यायचे आणि कान लावायचे. लांब, साफ नाद आला तर माल बाहेर जायचा. नाही आला तर "वाजत न्हाय" म्हणून तिथल्या तिथे घणाने फोडायचे. एकदा इचलकरंजीचा एक गिऱ्हाईक चाकं न्यायला आला. चाक बघून तो खूश होता, गाडीत चढवायची घाई करत होता. आबासोंनी टोला दिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत चाकाचे तुकडे केले. तो ओरडायला लागला की मला पसंत होतं. आबासो फुटलेल्या चाकाकडे बोट करून म्हणाले, "तुला पसंत हाय रं, त्येला न्हाय पसंत." आणि तुकडे परत भट्टीत गेले. नाद कोणाला कसा ऐकू आला, यावर त्यांच्या कारखान्यात अपील नव्हतं.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या चकत्या गेल्या. आपल्याकडच्या गाड्यांना तेव्हा ड्रमचे ब्रेक असत. आमच्या गाडीला पुढे चाकांमागे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, उघड्या चकत्या होत्या. दोन्ही बाजूंनी पॅड येऊन त्यांना चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. घासून घासून त्या भाकरीच्या कडेइतक्या पातळ झाल्या होत्या आणि एकीला केसासारखी चीर गेली होती. रफिक म्हणाला, "भावा, ह्या चकतीवर मी तुला सायकलसुदिक चालवू द्यायचा न्हाय."

आता नव्या आणायच्या कुठून? मुंबईचा एक व्यापारी विलायती चकत्या मागवून देतो म्हणाला. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी त्याला पुन्हा विचारलं, कारण वाटलं की अख्ख्या गाडीची सांगतोय. दुसरा रस्ता म्हणजे भंगार बाजार. तिथे चकत्या होत्या, पण दुसऱ्या गाड्यांच्या. भोकं जुळवून बसवल्या असत्या तर जाडीत मार खाल्ला असता. जुन्याच लेथवर साफ करून घ्याव्यात तर त्यांच्यात साफ करण्याइतकं लोखंडच उरलं नव्हतं. राहिला एकच मार्ग, कोल्हापुरातच ओतून घेणं. गावात ओतकामाला तोटा नव्हता, आणि चांगलं बीड कोण ओततो, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. रफिकने ते नाव तोंडातून काढलं तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पान्हा शोधायला निघून गेला.

मी पोवारांकडे गेलो. पोवार आबासोंच्या कारखान्यासमोरचेच, ट्रकचे ड्रम ओतणारे, गोड बोलणारे. मी त्यांना विलायती मासिकातलं चित्र दाखवलं, त्यात चकत्यांना भोकंच भोकं पाडलेली होती. पोवार म्हणाले, "दिसायला बेस हायती, पन भोकापासनं चीर जाती. साध्याच करू, थोड्या जाड." मी साध्याच सांगितल्या. आठवड्याभरात त्यांनी दोन चकत्या ओतून, लेथवर मारून दिल्या. माझ्या पगाराला झेपेल अशा भावात. घरी आणल्या आणि अंगणात फरशीवर ठेवल्या. नंदाने एकदा बघितलं, आणि विचारलं, "आबांना कळलं तर?" मी म्हटलं, कळू दे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आबासो जीपमधून उतरले, हातात हातोडी आणि जीपमध्ये घण. आल्या आल्या चकती दोरीला टांगली. शेजारचे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टोला दिला. चकती वाजली. खणखणीत वाजली, मी माझ्या कानांनी ऐकलं. नाद विरला नाही तोवर आबासो नंदाला म्हणाले, "पावण्यास्नी सांग, वाजत न्हाय." आणि घण घातला. मी धावलो तोवर दुसरीही फुटली.

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मंगळवार पेठेपर्यंत ऐकू गेलं असेल. मी त्यांना सरळ अरेतुरे केलं. ते मात्र त्याही वेळी माझ्याशी बोलले नाहीत. वाकून एकेक तुकडा उचलला, पोत्यात भरला, पोतं जीपमध्ये टाकलं आणि गेले. शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. फुटलेलं लोखंडसुद्धा हा माणूस मला ठेवू देत नाही, ह्याचा राग मला चकत्या फुटल्याहून जास्त आला. एक तुकडा तेवढा तुळशीमागे उडाला होता. तो मी रफिकला दाखवला. आतला कण बारीक, एकसारखा, कुठे पोकळी नाही. रफिक म्हणाला, "चांगल्या हुत्या की रं." मग तुकडा माझ्या हातात परत देत म्हणाला, "म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या लोखंडावर पोरीचं नशीब सोडायचं नसंल." मी म्हटलं, काही नाही, तो माणूस निव्वळ दुष्ट आहे. त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही, असं मी नंदाला बजावून सांगितलं.

पण ते अधिक वैशाखाचे दिवस होते. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून धोंडे खाऊ घालावे लागतात. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे नारायण. मामी स्वतः बोलवायला आल्या आणि उंबऱ्यातच बसून राहिल्या. "तुमचं त्यांचं काय बी असूंदे, पावणं. नारायन उपाशी ऱ्हायला तर माजा म्हयना वाया." म्हाताऱ्या बाईला किती वेळ उंबऱ्यात बसवणार? मी नाक मुठीत धरून गेलो.

पुरणाचे धोंडे, वर तूप. मी मान वर न करता जेवलो. आबासो माझ्या शेजारच्या पाटावर, मान वर न करता जेवले. नंतर मामींनी वाणाचं ताट आणलं. तांब्याचं मोठं ताट, अनारशांची रास, वर दिवा आणि कापड झाकलेलं. मी हात पुढे केले आणि ताट हातातून जवळजवळ सुटलंच. अनारसे इतके जड नसतात. कापड बाजूला केलं. अनारशांखाली दोन चकत्या होत्या, नव्या, काळसर करड्या, मामींनी मधोमध तुपात कालवून कुंकू लावलेल्या. नारायणाला दिलेलं वाण परत करता येत नाही, हे त्या माणसाने बरोबर हेरलं होतं. पोत्यातले तुकडे जोडून त्यांनी माप घेतलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

आबासो हात धूत होते. पाठमोरेच मामींना म्हणाले, "पावण्यास्नी सांग, भोकं पाडायची न्हाईत. पयल्या दिशी जोरात ब्रेक मारायचा न्हाय. आदी हळू, मग जरा जोरात, मग चालता चालता गार हू द्यायचं. तापल्यावर पानी मारायचं न्हाय." मामींना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्या मला म्हणाल्या, "आयकलंसा न्हवं?" मी म्हटलं, "मामांना सांगा, मला पोवारांच्याच बऱ्या होत्या." आबासोंनी तांब्या जरा जोरात ठेवला.

बसवताना रफिकने पेट्रोलचं फडकं घेतलं, तर नंदाने त्याचा हात धरला. पॅड जिथे टेकतात तो भाग पुस म्हणाली, पण मधलं कुंकू पुसायचं नाही. नवऱ्याच्या नावाने वाणात आलेलं कुंकू बायकोच्या देखत कोण पुसणार? रफिकही पुसेना, मीही पुसेना. आम्ही तिघांनी मिळून ती चूक केली. दुसरीकडच्या कुठल्या गॅरेजात ती झाली नसती.

सरावाच्या दिवशी मी आबासोंनी सांगितल्याप्रमाणे आधी हळू, मग जरा जोरात असं केलं. दोन फेऱ्या गाडी छान थांबली. चकत्या तापल्या. तिसऱ्या फेरीला पिंप समोर आलं, मी पाय दाबला, आणि गाडी थांबायचं नावच घेईना. मधलं तूप वितळून चाकाबरोबर फिरत फिरत पॅडखाली गेलं होतं. पिंप उडालं, मी नांगरलेल्या रानात शिरलो, एक दिवा फुटला आणि गाडी ढेकळांत रुतून थांबली. मला खरचटलंही नाही. पण आजूबाजूला खमंग वास सुटला होता, कोणीतरी अनारसे तळायला घेतल्यासारखा.

धूळ बसली तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते धोतर. आबासो बाभळीखाली जीप लावून सकाळपासून बघत बसले होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ढेकळांतून ते धावत आले. त्या वयात, त्या अंगाने. माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ चाकाशी बसले. मागून नंदा आली, तिच्यामागे रफिक. आबासो रफिकला म्हणाले, "पावण्यास्नी इचार, ह्ये लाल काय हाय?"

रफिकने माझ्याकडे बघितलं, मी नंदाकडे. शेवटी नंदा म्हणाली, "कुंकू हाय, आबा. वाणाचं. मीच पुसू दिलं न्हाय."

आबासोंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. लोखंडातलं सगळं कळणाऱ्या त्या माणसालाही ते कुंकू पुसवेना. मी चिडून म्हणालो, आता सगळ्यांनी मिळून आरती करा. कोणी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी चाक काढायला लावलं, चकती निवू दिली, आणि चपट्या अंगठ्याने मधलं कुंकू अलगद निरपून घेतलं. उठून ते नंदाच्या कपाळाला लावलं. "घे," ते म्हणाले. "तुजं तुज्यापाशी." दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. मग स्वतःच्या धोतराचा सोगा पेट्रोलमध्ये बुडवला आणि दोन्ही चकत्या घासून काढल्या. पॅडही बदलायला लावले.

गाडी पट्टीवर आणल्यावर मी बसलो. शेजारचं दार उघडलं आणि आबासो आत येऊन बसले. मावत नव्हते, तरी बसले. मी म्हटलं, उतरा. ते उतरेनात. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी उजवीकडे बघितलं, तिकडे मी. डावीकडे बघितलं, तिकडे कोणी नाही. मागे बघितलं, तर त्या गाडीला मागची सीटच नव्हती. शेवटी काचेकडे बघत ते म्हणाले, "हाण."

मी हाणली. रागात हाणली. म्हाताऱ्याची टोपी उडाली तरी सोडली नाही. पिंप उभं केलेलं होतं. ते जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडीने जमीन धरली. पिंपाच्या अलीकडे, हात लांब केला तर लागेल इतकं अंतर ठेवून, थांबली. आबासो उतरले. चाकाशी वाकून चकतीचा रंग बघितला. मग टोपी शोधत शोधत चालत जीपकडे गेले, मला तिथेच सोडून. नंदाला जाता जाता म्हणाले, "पावण्यास्नी सांग, चालतंय."

शर्यतीला ते आले नाहीत. मी तिसरा आलो. तेही त्यांना मामींकडून कळलं आणि म्हणे ते एवढंच म्हणाले की तीनच गाड्या हुत्या काय. पाच होत्या. पुढे आम्हाला मुलगी झाली आणि मी आपणहून गाडी विकली. तेव्हा निरोप आला, "चकत्या काढून ठेवा, भंगारात नगं." मी ठेवल्या. पण मनातलं काही गेलं नाही. दर दिवाळीला त्यांच्या ओसरीवर बसलो की मला तो नाद ऐकू यायचा. चकती वाजली होती. पोवार मरेपर्यंत गावात मान खाली घालून वावरले, कारण आबासोंनी त्यांचा माल जावयाच्या दारात फोडला हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा मी नंदामार्फत विचारलंही. "पावण्यास्नी सांग," ते म्हणाले, "वाजत न्हवत्या."

आणखी दहाएक वर्षांनी ते आजारी पडले. छातीत भट्टीची धूळ साठलेली, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. मला बघितल्यावर त्यांनी हाताने सगळ्यांना बाहेर जायची खूण केली. नंदालाही. मामींना म्हणाले, "पावण्यास्नी च्या टाक जा." त्याही गेल्या. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. त्यांनी दाराकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली.

"पोवाराच्या चकत्या," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "वाजल्या हुत्या. बेस वाजल्या हुत्या."

इतकी वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होतो. त्यावर काय काय सुनवायचं ते सगळं पाठ होतं. पण मी एवढंच म्हणालो, "मग फोडल्या कशाला, मामा?"

त्यांनी श्वास गोळा केला. ओठ हलले. तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या आणि मामी कपबशी घेऊन आत आल्या. आबासोंनी मान वळवली.

"पावण्यास्नी सांग," ते मामींना म्हणाले, "च्या गार हुतोय."